झाशीचा मेजर आणि तीन रिकामटेकडे म्हातारे

गेल्या दोन भागांत आपण १९७१च्या बसंतरच्या लढाईबद्दल बोललो. सुरुंग, धुकं, रणगाड्यांची समोरासमोरची टक्कर, सगळं झालं. आज जरा सैल बसा. आज इंग्रजांच्या जुन्या विनोदी मालिकांबद्दल बोलायचं आहे. इतिहासाच्या गप्पांत हे कुठून घुसलं, असं काहींना वाटेल. पण या मालिकांचा माग काढत गेलं की माणूस लंडनला थांबत नाही. तो देवळालीला पोचतो, पुण्याला पोचतो, आणि मी जिथे बसून बोलतोय त्या बबीनापासून २५ किलोमीटरवरच्या झाशीलाही पोचतो.

बबीना ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. झाशीहून ललितपूरकडे जाणाऱ्या रेल्वेवरची ही छावणी. खडकाळ माळ, पळसाची झाडं, लांबवर बेतवा, आणि मैलोन् मैल पसरलेली फायरिंग रेंज. रणगाडा दलात नोकरी केली आणि बबीनाची धूळ खाल्ली नाही असा अधिकारी विरळा. या नावाचीही एक गंमत सांगतात. 'ब्रिटिश आर्मी बेस इन नेटिव्ह एशिया' या शब्दांची आद्याक्षरं जुळवली की बबीना होतं म्हणे! प्रत्येक नव्या लेफ्टनंटला हे कोणीतरी गंभीर चेहऱ्याने ऐकवतंच. मला स्वतःला ही मेसमध्ये रात्री साडेदहानंतर तयार झालेली व्युत्पत्ती वाटते. 'नेटिव्ह एशिया' असं कुठलं सरकारी खातं लिहील?

तर अशा बबीनात, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना आम्ही मेसमध्ये व्हीसीआर लावायचो. दूरदर्शनवर 'यस मिनिस्टर' आणि 'माइंड युवर लँग्वेज' लागून गेल्या होत्या. पुढे 'माइंड युवर लँग्वेज'वरून पंकज कपूरची 'जबान संभाल के' झाली आणि 'यस मिनिस्टर'वरून फारूक शेखची 'जी मंत्रीजी'. या दोन तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. पण आमच्या एका अधिकाऱ्याची बहीण ब्रॅडफर्डला डॉक्टर होती. तिने पाठवलेल्या कॅसेटींत एक वेगळीच चीज होती. नाव 'लास्ट ऑफ द समर वाइन'.

यॉर्कशायरमधलं हॉल्मफर्थ नावाचं डोंगरातलं गाव. दगडी घरं, चढउतार, मेंढ्या. गावात तीन म्हातारे. एकाचंही घरात कोणी वाट पाहणारं नाही, आणि कामधंदा संपलेला. ते दिवसभर फिरतात, वाचनालयात बसतात, चहाच्या दुकानातल्या बाईचा ओरडा खातात आणि कुठल्यातरी मोडक्या वस्तूवर बसून डोंगरउतारावरून खाली येतात. संपली गोष्ट. खून नाही, कारस्थान नाही, प्रेमभंग नाही. कॉम्पो नावाचा त्यांच्यातला अवतारी पुरुष गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून शेजारच्या नोरा बॅटीच्या सुरकुतलेल्या मोज्यांवर जीव टाकतो, आणि ती त्याला केरसुणीने हाणते. मालिकेत शृंगार म्हणतात तो एवढाच.

गंमत अशी की ती यॉर्कशायरची बोली आम्हा इंग्रजी माध्यमवाल्यांनाही धड कळत नव्हती, आणि मेसचा रोहतककडचा जाट वेटर मात्र ट्रे हातात धरून दारात उभा राहून हसत होता. मी विचारलं, काय कळलं रे? तो म्हणाला, "साब, ये तो हमारे गाँव के ताऊ हैं।" याहून नेमकी समीक्षा मी आजवर वाचलेली नाही. मराठी माणसाला सांगायचं तर चिमणराव आणि गुंड्याभाऊ म्हातारे झाले, बायकामुलांच्या कटकटीतून सुटले आणि डोंगरावर भटकू लागले, असं समजा. (चिं. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवायचे. आपलं सगळ्यात घरगुती वाटणारं पात्र महाराष्ट्राबाहेर राहून लिहिलं गेलं, हे आपल्यासारख्या परप्रांतातल्या मराठी मंडळींनी विसरू नये.)

आता मुद्द्यावर येतो. त्या सुरुवातीच्या तिघांतला जो सर्वांत ताठ, सर्वांत शिस्तीचा, सदानकदा आपल्या लष्करी दिवसांचा दाखला देणारा, त्याचं नाव सिरिल ब्लेमायर. मालिकेत तो लष्करात कॉर्पोरल होता. हे काम करणारा नट माइकल बेट्स. त्याची माहिती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खुर्चीत सावरून बसलो. जन्म ४ डिसेंबर १९२०, झाशी, संयुक्त प्रांत.

म्हणजे आमच्या शेजारच्या स्टेशनचा माणूस! माझी सासुरवाडी झाशीची. नेवाळकरांच्या काळापासून तिथे असलेल्या मराठी कुटुंबांपैकी एक. त्यामुळे निवृत्तीनंतर मी इथेच राहिलो. झाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राणी येते, आणि १८५८च्या वेढ्यात अडकलेले वरसईचे विष्णुभट गोडसे येतात. या गावाच्या खात्यावर इंग्लंडचा एक विनोदी नटही जमा आहे, हे माझ्या सासऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

बेट्स नुसता जन्माने झाशीचा नव्हता. केंब्रिजला शिकला आणि दुसऱ्या महायुद्धात गुरखा पलटणीत मेजर म्हणून ब्रह्मदेशात लढला. उर्दू अस्खलित बोलायचा. युद्धानंतर रंगभूमीवर गेला. तुमच्यापैकी ज्यांनी 'पॅटन' हा १९७०चा सिनेमा पाहिला असेल, आणि रणगाडा दलातल्या लोकांनी तर तो पाठच केलेला असतो, त्यांनी बेट्सला पाहिलंय. त्यातला फील्ड मार्शल माँटगोमेरी तोच. रणगाड्यांवरच्या त्या गाजलेल्या सिनेमातला माँटी झाशीचा निघाला, हे समजल्यावर मी दोन जुन्या सहकाऱ्यांना रात्री फोन केले होते.

म्हणजे बघा, खरा मेजर, ज्याने जपान्यांशी लढाई केली, तो पडद्यावर बढाईखोर कॉर्पोरल झाला. ही उलटापालट या एकाच माणसापुरती नाही, आणि इथेच मला इतिहास दिसायला लागतो. 'डॅड्स आर्मी' ही दुसरी लाडकी मालिका घ्या. १९६८ ते १९७७, ८० भाग. विषय १९४० सालचा. फ्रान्स पडत होता, जर्मन कधीही उतरतील अशी भीती, आणि भरतीच्या वयाबाहेरचे म्हातारे, पोरसवदा आणि नाकारलेले लोक होमगार्ड म्हणून हातात मिळेल ते घेऊन समुद्रकिनारा राखतायत. त्यात बँकेचा मॅनेजर कॅप्टन होतो आणि त्याचा खानदानी, सुस्त कारकून सार्जंट होतो. कॅप्टनचं काम करणारा आर्थर लो खऱ्या युद्धात सार्जंट मेजर होता. सार्जंट झालेला जॉन ल मेझ्युरिए खऱ्या युद्धात रॉयल टँक रेजिमेंटचा कॅप्टन होता, आणि त्याने ती नोकरी आपल्याच देशात केली. तिसरा, म्हातारा खाटीक झालेला क्लाइव्ह डन, तर चार वर्षं जर्मनांचा युद्धकैदी होता.

या लोकांना कोणी सैन्याची टिंगल शिकवायची गरज नव्हती. त्यांनी सैन्य आतून पाहिलं होतं. सैन्य आतून पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते, जी सिनेमावाल्यांना कधी कळत नाही. सैनिकाच्या आयुष्यात लढाई फार थोडी असते. बाकी सगळं वाट पाहणं. हुकमाची वाट, रेल्वेची वाट, पावसाची, रजेची, पत्राची, चहाची. मी स्वतः बबीनाच्या रेंजवर हिशेब केला होता. दहा मिनिटांच्या फायरिंगसाठी आम्ही सहा तास बसलो होतो, आणि त्या सहा तासांत जे विनोद झाले ते दहा वर्षं पुरले. या मालिका त्या सहा तासांतून आल्या आहेत.

आणि वाट पाहण्याची राजधानी कुठे होती म्हणाल? नाशिकजवळ. देवळाली.

१८६१च्या सुमाराला इंग्रजांनी तिथे छावणी बसवली. मुंबईत उतरलेले गोरे सैनिक देशभर पाठवण्याआधी आणि मुदत संपलेले सैनिक विलायतेला पाठवण्याआधी तिथे ठेवायचे. पण सैनिकांची जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्चच सुटत. मुदत एप्रिलमध्ये संपली तर बिचारा पुढचे कित्येक महिने देवळालीत. काम नाही, कवायत नाही, ऊन, मग पाऊस, दारू, मलेरिया. माणसं विचित्र वागायला लागायची. त्यावरून इंग्रजीत शब्दच रूढ झाला, 'डूलॅली'. अमका डूलॅली झाला म्हणजे त्याचं डोकं फिरलं. मूळ प्रयोग 'डूलॅली टॅप'. यातला टॅप म्हणजे नळाची तोटी नव्हे, आपला ताप! आजही लंडनमधली आजीबाई नवऱ्याला डूलॅली म्हणते, तेव्हा ती बिचारी नाशिक जिल्ह्यातलं एक गाव आणि एक अस्सल देशी शब्द यांच्या आधाराने त्याला वेडा म्हणत असते. नंतर तिथे आपलं तोफखान्याचं स्कूल आलं. तोफखान्याच्या माझ्या मित्रांना मी हा शब्द ऐकवतो तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

'डॅड्स आर्मी' ज्याच्या डोक्यातून निघाली तो जिमी पेरी तरुणपणी स्वतः होमगार्डमध्ये होता. पुढे तोफखान्यात भरती झाला, ब्रह्मदेशात गेला, आणि मग देवळालीच्या छावणीत सैनिकांची करमणूक करणाऱ्या मंडळीत नाचायला-गायला लागला. त्याचा जोडीदार डेव्हिड क्रॉफ्ट त्याच काळात पुण्यात करमणूक अधिकारी होता. दोघांची भेट पुढे इंग्लंडात झाली. त्यांनी मिळून १९७४ साली देवळालीवरच मालिका काढली, 'इट एन्ट हाफ हॉट, मम'. काय उकडतंय गं आई, असं घरी लिहिलेल्या पत्रातलं वाक्य. १९८१पर्यंत ५६ भाग चालली. चित्रण सगळं इंग्लंडमध्ये. नाशिककरांनी त्यात आपली पांडवलेणी शोधू नयेत.

मालिकेचा काळ १९४५चा. एक खेकसणारा सार्जंट मेजर, ज्याचं स्वप्न या नाच्या पोरांना खरे सैनिक बनवून लढाईवर पाठवण्याचं. आणि पोरांचं स्वप्न लढाईवर न जाण्याचं. त्यांचा बेअरर रंगी राम. 'आम्ही ब्रिटिश' असं म्हणून बोलणारा, साहेबांच्या भांडणात स्वतःचं साधून घेणारा, आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून एक हिंदू म्हण सांगणारा. (असल्या म्हणी माझ्या आजीने जन्मात ऐकल्या नसत्या.) हा रंगी राम कोण? आपला झाशीचा माइकल बेट्स. तोंडाला तपकिरी रंग लावून.

इथे मला जरा थांबावं लागतं. बीबीसी ही मालिका आता पुन्हा दाखवत नाही, मुख्यतः त्या रंगामुळे. निर्मात्यांचं म्हणणं असायचं की बेट्ससारखं उर्दू बोलणारा, ते वातावरण ओळखणारा दुसरा नट नव्हता. त्याचं हिंदुस्तानी खरोखर चोख आहे, आमच्या कित्येक कॉन्व्हेंटी लेफ्टनंटांपेक्षा चांगलं. त्याने बेअरर लोकांना जवळून पाहिलं होतं, हे त्याच्या मान तिरकी करण्यावरून कळतं. मी अशी माणसं मेसमध्ये पाहिली आहेत, पांढऱ्या पगडीतले जुने अब्दार, ज्यांना कर्नल साहेबांच्या पोटाची आणि मनाची दोन्ही तब्येत ठाऊक असायची. तरीही माझं मत सांगतो. गुरख्यांच्या मेजरला नोकराचं सोंग आणता आलं, त्या नोकराला कधी मेजरचं सोंग आणायची मुभा नव्हती. हा फरक नटाच्या कौशल्याने भरून निघत नाही. त्याच मालिकेत चहावाला झालेला दिनो शफीक ढाक्याचा. तो होता, बाबर भट्टी पंखेवाला होता, म्हणजे उपखंडातले नट मिळत नव्हते असं नाही. मोठी भूमिका मात्र रंग लावलेल्या साहेबाकडे गेली.

याहून मला खटकते ती दुसरी गोष्ट. १९४५चा नोव्हेंबर आठवा. लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावर आझाद हिंद सेनेचा खटला उभा राहिला. १९४६च्या जानेवारीत घरी पाठवायला उशीर होतोय म्हणून खुद्द गोऱ्या हवाई सैनिकांनी कराचीत संप केला, आणि तो कानपूरसारख्या ठाण्यांपर्यंत पसरला. म्हणजे वाट पाहण्याचा कडेलोट झाला तो त्यांच्याच लोकांत! १८ फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार'वर नौसैनिक उठले. महिनाअखेरीस जबलपूरला सिग्नल्सचे जवान बाहेर पडले. देवळालीहून मुंबई रेल्वेने चार तास. पण त्या मालिकेच्या तंबूत याची झुळूकसुद्धा शिरत नाही. देश हलत होता आणि मालिकेतले 'नेटिव्ह' चहाच विकत होते.

मग ती पाहूच नये का? मी पाहतो. शेवटच्या श्रेयनामावलीत एक क्षण आहे. संगीत संपतं, चहावाला एकटाच साम्राज्याचं गौरवगीत आळवायला लागतो आणि सार्जंट मेजर त्याला "शट अप" म्हणून गप्प करतो. पेरी आणि क्रॉफ्टला काय म्हणायचं होतं कोण जाणे. मला तिथे नेहमी वाटतं, त्या साम्राज्याचं गाणं गाणारा शेवटी एक चहावालाच उरला होता, आणि साहेबाला तेही ऐकवत नव्हतं.

१९७४-७५ या काळात बेट्स दोन्हीकडे होता. एका मालिकेत देवळालीचा नोकर, दुसरीत यॉर्कशायरचा निवृत्त कॉर्पोरल. दोन्हीकडे रिकामा वेळ. फरक एवढाच की देवळालीत जहाजाची वाट आहे आणि हॉल्मफर्थमध्ये कसलीच नाही. म्हणून मला दुसरी मालिका मोठी वाटते.

ती लिहिणारा रॉय क्लार्क. हा आधी मास्तर, पोलीस, विक्रेता, सैनिक असं बरंच काही होता. त्याला बीबीसीने तीन म्हाताऱ्यांवर लिहायला सांगितलं तेव्हा त्याला काही सुचेना, तो नाही म्हणायच्या बेतात होता. मग त्याच्या लक्षात आलं की बायको नाही, नोकरी नाही, जबाबदारी नाही, म्हणजे ही म्हातारी माणसं नव्हेतच, ही शाळेला सुट्टी लागलेली पोरं आहेत. तिथून गाडी निघाली. ४ जानेवारी १९७३ला पहिला भाग, २९ ऑगस्ट २०१०ला शेवटचा. ३७ वर्षं, २९५ भाग, आणि प्रत्येक भाग त्या एकाच माणसाने लिहिलेला. आपल्याकडे रोज मालिका येते, हजार भाग सहज होतात, पण लिहिणारे किती बदलतात ते तुम्हीच बघा.

पडद्यामागे बेट्स आणि कॉम्पो झालेला बिल ओवेन यांचं राजकारणावरून वाजायचं. बेट्स कट्टर उजवा, ओवेन तितकाच डावा. तिसरा पीटर सॅलिस मध्ये. हे कळल्यावर पहिल्या दोन मालिकांतली त्यांची तू तू मैं मैं पाहायला आणखी मजा येते. मग बेट्सला कर्करोग झाला. मालिकेत ब्लेमायर लग्नासाठी निघून गेला असं दाखवलं आणि त्याच्या जागी फॉगी आला. हाही माजी सैनिक. ब्रह्मदेशातल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगणारा, प्रत्यक्षात लष्करात पाट्या रंगवणारा. माइकल बेट्स ११ जानेवारी १९७८ला गेला. वय ५७. रंगी रामच्या जागी दुसऱ्या कोणाला घेतलं नाही.

१९९९मध्ये बिल ओवेन वारला, तेव्हा मालिकेने कॉम्पोलाही मरू दिलं. तीन भाग त्याच्या अंत्ययात्रेचे. विनोदी मालिकेत हे कोण करतं? त्यात रडारड नाही. उरलेले दोघं बसतात, बोलायला जातात, आणि नेहमीच्या जागी तिसऱ्याचं वाक्य येत नाही. आमचंही इथे एक त्रिकूट होतं. मी, एक निवृत्त रिसालदार मेजर आणि रेल्वेचे एक गार्डसाहेब. सकाळी साडेपाचला स्टेशनपर्यंत चालत जायचं, चहा प्यायचा, लष्कर आणि रेल्वे यांत जास्त बेशिस्त कुठे यावर भांडायचं. गार्डसाहेब दोन वर्षांपूर्वी गेले. अजूनही गाडी उशिरा आली की आम्ही दोघं एकदम उजवीकडे बघतो. ते तिथे उभे राहायचे, आणि उशिराचं सरकारी कारण तेच सांगायचे.

शेवटच्या वर्षांत तर सॅलिस इतका म्हातारा झाला होता की बाहेर डोंगरावर चित्रण करायला त्याचा विमा उतरवेनात. मग क्लार्कने त्याचे प्रसंग घरात लिहिले. म्हातारा खिडकीशी, डोंगर बाहेर. २०१७ साली सॅलिस गेला, आणि त्याला हॉल्मफर्थजवळच्या अपरथाँगला बिल ओवेनच्या शेजारी पुरलं. ओवेन मुळात लंडनचा. त्याला ते गाव इतकं आवडलं की तिथेच माती द्या असं सांगून गेला होता.

कुठून सुरुवात करायची असं विचाराल, तर सरळ पहिल्या दोन मालिकांपासून करा. चित्र जरा धुरकट आहे, हाणामारीचे विनोद कमी आहेत, वाचनालयातली बडबड जास्त आहे. यॉर्कशायरी कळली नाही तर खाली अक्षरं लावून घ्या. आणि ब्लेमायर छाती काढून चालायला लागला की घरातल्या पोरांना सांगा, हा झाशीचा.

पुढच्या भागात नगरला जायचं आहे. आमच्या रणगाडा दलाचं माहेर. तिथे १६ एप्रिल १९१८ रोजी तोफखान्यातल्या एका आयरिश सैनिकाला मुलगा झाला. त्याचं नाव स्पाइक मिलिगन. हा मात्र अजिबात मवाळ नव्हता. भेटू या.